गाडीखान्याचें कवाड अडतें तेव्हां

पावसाळा लागला कीं गाडीखान्याचें कवाड अडूं लागतें, आणि घरांतील कोणी तरी तत्काळ सुतारास बोलावून त्यावर रंधा मारून घेतें. पुढें थंडी पडली म्हणजे त्याच कवाडांत बोटभर फट दिसते, आणि मग सुताराच्या नांवानें बोटें मोडलीं जातात. वस्तुतः निदानापूर्वींच औषध दिलें, हा दोष घरधन्याचा होय. हिंगोली जिल्ह्यांतील कुटुंबांस तर हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं, हें पुढें दिसून येईल.

प्रथम लांकडाचा स्वभाव पाहूं. हवेंतील ओल शोषून लांकूड आपल्या रेषांच्या आडवें फुगतें. लांबींत तें जवळजवळ वाढतच नाहीं. म्हणून उभ्या फळ्यांचें कवाड पावसाळ्यांत रुंदीला वाढून कडेस घासतें व कोरडी हवा येतांच आपोआप मोकळें होतें. अशा कवाडास रंधा न मारतां, कोरड्या दिवसांत त्याच्या सर्व अंगांस तेल अथवा रंग द्यावा. वरच्या व खालच्या कापीव कडा विसरूं नयेत. ओल तेथूनच अधिक शिरते.

कवाड केवळ खालच्या कोपऱ्यांत उंबरठ्यास टेकत असेल, तर तें हातानें किंचित् उचलून पाहावें. उचलतांच वरची बिजागरी हलली तर तिचे स्क्रू ढिले झाले आहेत असें समजावें. भोकांत लांकडी खुंटी ठोकून स्क्रू पुन्हां आवळले कीं बहुधा काम होतें.

ज्यांच्याकडे पत्र्याचें गुंडाळी शटर आहे, त्यांनीं दोन्ही बाजूंच्या खांचांतील माती व खडे आधीं काढावेत. शटर अर्ध्यावर ठरत नसेल किंवा एकाएकीं जड झालें असेल, तर वरच्या नळींतील स्प्रिंग बिघडली असावी. ती ताणून पिळलेली असते व शटराचा भार तीच तोलून धरते. घरच्या माणसानें ती कदापि सोडूं नये. माहितगार कारागीर येईपर्यंत मुलांस त्याखालून जाऊं देऊं नये.

आतां मुख्य गोष्ट. पुष्कळदां कवाड निर्दोष असतें, चौकटच तिरपी झालेली असते. आमच्या भागांतील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरचा उथळ पाया तिच्याबरोबर वरखालीं होतो. यासाठीं चौकटीच्या समोरासमोरील कोपऱ्यांस दोरी लावून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे न भरल्यास रंधा बाजूस ठेवून भिंतीकडे पाहावें. चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरपी भेग निघाली असेल, तर तिच्या दोन्ही टोंकांस पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहावी. भेग खुणेपुढें गेल्यास इमारतीच्या जाणकारास विलंब न करतां बोलवावें.

ही सावधगिरी अनाठायीं नव्हे. दि. २१ मार्च २०२४ रोजीं पहाटे या जिल्ह्यांत ४.५ व ३.६ तीव्रतेचे दोन धक्के लागोपाठ बसले, आणि १० जुलै रोजीं पुन्हां ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. वसमत व औंढा बाजूच्या कांहीं गांवांस तर जमिनींतून येणारे आवाज परिचयाचेच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, हें मराठवाडा विसरलेला नाहीं.

म्हणून काल सहज मिटणारें कवाड कोरड्या दिवसांत किंवा धक्क्यानंतर एकाएकीं अडलें, तर घर आपणांस कांहीं सांगत आहे असें समजावें. भिंतीची तपासणी होईपर्यंत तिच्या पायथ्याशीं वडील मंडळींचीं व मुलांचीं अंथरुणें घालूं नयेत, आणि बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा मोकळा ठेवावा. रंधा मारून अडथळा लपवतां येईल. भिंत मात्र त्यानें सरळ होणार नाहीं.