चित्रपटाची झलक आणि चित्रपटाची निवड

सुटी लागली कीं साताऱ्यास काय आणि सांगलीस काय, कोणता चित्रपट पाहावा हा प्रश्न घरोघर निघतो. आणि त्याचा निवाडा बहुधा दोन-अडीच मिनिटांच्या ट्रेलरवरून होतो. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. परंतु तेथें शीत आपण उचलतों. ट्रेलरमधील शीत विकणारा निवडून देतो.

चित्रांच्या जुळणींत केवढें सामर्थ्य असतें, हें आपल्या सातारा जिल्ह्यांतच दिसेल. 'स्वदेस' (२००४) या चित्रपटांतील उत्तर प्रदेशांतलें चरणपूर गांव वाईजवळ मेणवलीस, कृष्णाकांठीं चित्रित झालें. ज्या कौशल्यानें मेणवलीचें चरणपूर होतें, त्याच कौशल्यानें संथ कथा वेगवान आणि दोनच विनोद असलेली कथा विनोदी भासवितां येते.

मग फसलेल्या प्रेक्षकास दाद मिळते काय? २०१६ सालच्या 'फॅन' या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातींत गाजलेलें एक गाणें प्रत्यक्ष चित्रपटांत नव्हतें. तेव्हांच्या औरंगाबादेंतील एका शिक्षिकेनें याबद्दल ग्राहक मंचाकडे तक्रार केली. राज्य आयोगानें २०१७ सालीं त्यांस १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च देवविला. २०२० सालीं राष्ट्रीय आयोगानेंही तें मान्य केलें. परंतु २२ एप्रिल २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. ट्रेलर हें तिकीट घेण्यास उत्तेजन देणारें एकतर्फी निवेदन होय. तें वचन नव्हे व करारही नव्हे, असा निकालाचा आशय आहे. तात्पर्य, निवडीचा भार प्रेक्षकावरच राहिला.

सांगलीच्या सौद्यांत जाणता व्यापारी हळदीचा वरवरचा रंग पाहून भाव बोलत नाहीं. हळकुंड मोडून पाहतो. आपणही तसेंच करावें. प्रथम प्रमाणपत्र पाहावें. 'यू' सर्वांसाठीं, 'ए' केवळ प्रौढांसाठीं; आणि २०२४ च्या नियमांनीं मधल्या 'यूए' वर्गाचे ७+, १३+ व १६+ असे तीन पोटभेद केले आहेत. ते मुख्यतः पालकांच्या मार्गदर्शनासाठीं आहेत. दुसरें, दिग्दर्शक व लेखक यांचें पूर्वींचें काम आठवावें. नटाचा चेहरा पुरेसा नाहीं. तिसरें, पहिल्या दिवसाची घाई न करतां, पाहून आलेल्या भिन्न रुचीच्या दोघांस विचारावें. मात्र 'आवडला का?' असें न विचारतां 'कशाविषयीं आहे?' असें विचारावें.

विद्यार्थीमित्रहो, यानेंही निवड क्वचित् चुकेल. पण ती आपली निवड असेल. झलक आणि वस्तु यांतील अंतर ओळखण्याची ही संवय चित्रगृहाबाहेरही उपयोगी पडेल.