पट्ट्याचा ताण किती असावा?

पिठाच्या गिरणीतला पट्टा तुम्ही पाहिला असेलच. भार वाढला की तो पुलीवरून घसरतो, जाते मंदावते. पण तेवढ्याने गिरणी मोडत नाही. मोटारीच्या काही डिझेल इंजिनांत मात्र असा एक पट्टा असतो, की त्याला घसरायची मुभाच नाही. म्हणून त्याला दाते असतात.

१९७६ साली जर्मनीत फोक्सवॅगनची गोल्फ ही छोटी मोटार डिझेल इंजिनासह आली. तिच्यातील दातेरी रबरी पट्टा क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला व डिझेलच्या पंपाला पोचवतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणजे क्रँकशाफ्टचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते! डिझेल ठिणगीने नव्हे, दाबून तापलेल्या हवेने पेटते. त्यासाठी या इंजिनात हवा सुमारे तेविसाव्या हिश्श्याइतक्या जागेत कोंबली जाते. त्यामुळे पिस्टन वर आला की माथ्यावर जागा जेमतेम उरते. पट्टा तुटला, तर उघड्या राहिलेल्या झडपेवर पिस्टन आदळतो आणि झडपा वाकतात.

मग पट्टा करकचून ताणावा का? मुळीच नाही. पट्टा पुलीला अर्धा वळसा घालतो, तेव्हा दोन्ही बाजूंची ओढ एकाच दिशेने पडते. ताण दुप्पट केला की बेअरिंगवरचा भारही दुप्पट होतो. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट, तर आयुष्य एक अष्टमांश! उलट पट्टा सैल राहिला, तर दाते चुकण्याचा धोका. म्हणून योग्य ताण मापकाने पाहून ठरवतात व तो राखायला टेन्शनरचे चाक बसवतात.

या चाकातही बेअरिंग असते. त्यातले ग्रीस सुकले की ते घरघरते. अडकले की नवा पट्टाही घासून जातो. म्हणूनच जाणते मेकॅनिक पट्ट्याबरोबर टेन्शनरही बदलतात. पट्टा काढल्यावर चाक हाताने फिरवून पाहावे. खरखर किंवा डुगडुग जाणवली, तर ते बाद समजावे. तेलाची गळतीही थांबवावी, कारण तेलाने रबर खराब होते. शिवाय गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होतच असते. तेव्हा किलोमीटरबरोबर वर्षेही मोजावीत.

आणि हो, इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात कधीही नेऊ नका. तेव्हा काम फक्त कानांचे!