यकृताचा कर्करोग: रक्तातली प्रथिनं काय सांगतात?

लखनौच्या रायबरेली रोडवरची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था लोकांच्या तोंडी नुसती ‘पीजीआय’. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून रुग्ण इथे येतात. इथल्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजी विभागानं हेपॅटायटिस ‘बी’वर बरंच काम केलंय. यकृताच्या कर्करोगामागे आपल्याकडे बहुधा हाच विषाणू, हेपॅटायटिस ‘सी’, दारू किंवा यकृतातली चरबी असते. निदान झालं की नातेवाईक रिपोर्टातल्या एका आकड्यावर बोट ठेवतात: हा एवढा वाढलाय, म्हणजे आता काय?

एएफपी

तो आकडा अल्फा-फीटोप्रोटीनचा. हे प्रथिन गर्भाचं यकृत बनवतं. जन्मानंतर ते जवळपास नाहीसं होतं. यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांत ते १९६३ मध्ये मॉस्कोच्या गॅरी अबेलेव्ह यांना सापडलं. निरोगी प्रौढात ते दर मिलिलिटर रक्तद्रवात साधारण १० नॅनोग्रॅमच्या आत असतं. ४००च्या वर गेलं तर आजार सहसा आक्रमक. रॅमुसिरुमॅब हे औषध तर ४०० किंवा जास्त असलेल्यांसाठीच आहे. १०००च्या पुढे प्रत्यारोपणानंतरही रोग उलटण्याची भीती मोठी. अमेरिकेत अशा रुग्णाचा आकडा उपचारांनी आधी ५००च्या खाली आणावा लागतो.

पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांत एएफपी वाढतच नाही. उलट, कर्करोग नसताना हेपॅटायटिस भडकला तरी चढतं. म्हणून एका रिपोर्टापेक्षा त्याचा चढउतार बोलका. शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली तर ते दर पाच-सात दिवसांनी निम्मं होत जातं. मध्येच अडून बसलं, तर रोग कुठेतरी उरला असण्याची शंका घ्यावी.

मसूर आणि व्हिटॅमिन के

कर्करोगाच्या पेशी एएफपीवरच्या साखरेच्या साखळीत बदल करतात. बदललेलं एएफपी मसुरातल्या एका प्रथिनाला चिकटतं; त्यावरूनच ‘एएफपी-एल३’ मोजतात. हा हिस्सा १० टक्क्यांवर गेला तर लक्षण चांगलं नाही. दुसरी चाचणी पिव्हका-२, म्हणजे व्हिटॅमिन केचं काम अर्धवट राहिल्यानं कच्चं उरलेलं प्रोथ्रॉम्बिन. ते फार वाढलं तर रोग बारीक रक्तवाहिन्यांत शिरला असण्याची शक्यता वाढते. रुग्ण रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेत असेल तर मात्र हा आकडा कर्करोगाशिवायही वाढतो. डॉक्टरांना हे आधीच सांगावं. जपानमध्ये या तिन्ही चाचण्या सर्रास करतात.

दुर्लक्षित अल्ब्युमिन

माझ्या मते सगळ्यांत कमी मान मिळतो तो अल्ब्युमिनला. स्वस्त चाचणी, जवळपास प्रत्येक लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये असतेच. ते गाठीबद्दल काही सांगत नाही, पण उरलेलं यकृत उपचार किती सोसेल हे सांगतं. दर डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या वर ठीक, २.८च्या खाली काळजीचं. अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन एवढ्या दोनच आकड्यांवरून काढायचा ‘अल्बी’ गुणांक २०१५ मध्ये मांडला गेला. गाठ लहान आणि यकृत मात्र पार थकलेलं, असे रुग्ण असतात. त्यांचं भवितव्य गाठीपेक्षा यकृतच ठरवतं.

रिपोर्ट हातात घेताना

एएफपी दरवेळी एकाच लॅबमध्ये करावं आणि एकक पाहावं. काही लॅब नॅनोग्रॅमऐवजी आंतरराष्ट्रीय युनिट छापतात. एक युनिट म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम. गावच्या लॅबचे ३३० युनिट आणि शहरातल्या लॅबचे ४०० नॅनोग्रॅम, दोन्ही सारखेच. मधल्या काळात काहीच वाढलेलं नसतं.