कॉलेजं वाढली, शिकवणार कोण?

जुलै २०२५ मधल्या परिचारिकांच्या संपात कंत्राटी भरतीचा मुद्दा गाजला. वेतनत्रुटीच्या मागणीत मात्र अधिपरिचारिका आणि परिसेविका यांच्यासोबत पाठ्यनिर्देशिकाही होत्या. परिचारिकांना शिकवणाऱ्या या बायकांची दखल फारशी कुणी घेतली नाही.

सिंधुदुर्गातल्या कसालच्या तिठ्यावरून ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ, पडव्याचं खासगी रुग्णालयही जवळच. तरी पेशंट गंभीर झाला की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या दिशेनेच निघते. अशा जिल्ह्यात परिचारिका इथेच घडायला हव्यात, यावर दुमत नाही. पण घडवणार कोण?

दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा नियम धरा. साठ जागांचं बीएस्सी कॉलेज चार वर्षांत भरलं की २४० विद्यार्थी, म्हणजे २४ शिक्षक. वरच्या पदांना एमएस्सी लागतं: चार वर्षांची पदवी, मग अनुभव, मग आणखी दोन वर्षं. आता एवढं शिकलेल्या मुलीच्या जागी उभं राहून बघा. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं आणि त्याला एमएस्सी लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार केला; तिथे जायचं तर जर्मन भाषा शिकावी लागते, एमएस्सी नव्हे. जास्त शिकून कमी पगारावर, तेही घरभाड्याची आणि नवऱ्याच्या बदलीची विवंचना सोसत, खासगी कॉलेजात कोण टिकेल?

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये १५७ नर्सिंग महाविद्यालयांसाठी १,५७० कोटी मंजूर केले. एका कॉलेजला दहा कोटी. इमारत उभी राहील; शिक्षिका निविदा काढून मिळत नाही.

मला वेल्लोरचं उदाहरण पटतं. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगची प्राध्यापिका वॉर्डचीही जबाबदारी घेते. हातातलं काम सुटत नाही, आणि मुली पुतळ्यावर नव्हे, खऱ्या पेशंटजवळ उभ्या राहून तिच्याकडून शिकतात. आपल्याकडे वॉर्ड आणि वर्ग यांच्या आस्थापनाच वेगळ्या. एकीकडून दुसरीकडे गेलं की ज्येष्ठतेचा घोळ. ओरोसला हे करून बघायला काय हरकत आहे? त्यासाठी जिल्ह्यातल्याच अनुभवी परिचारिकांना पूर्ण पगारी रजेवर एमएस्सीला पाठवा आणि परतल्यावर शिकवण्याची अट घाला. घर इथेच असलेली बाई सहसा सोडून जात नाही.

तोवर मालवण-कुडाळकडच्या पालकांना एवढंच सांगणं: मुलीचा प्रवेश घेताना वसतिगृह बघा, पण एमएस्सी झालेल्या शिक्षिका किती आणि गेल्या वर्षी त्यांतल्या किती सोडून गेल्या, हे आधी विचारा.