गुन्ह्याच्या क्षणीचं मन

१९६८ च्या ऑगस्टमध्ये रमण राघव मुंबई पोलिसांच्या हाती लागला आणि उपनगरांतल्या लोकांना रात्रीची झोप परत मिळाली. झोपड्यांत आणि रस्त्याकडेला झोपलेल्या गोरगरिबांची डोकी ठेचून मारणारा हा माणूस. त्याच्या क्रौर्यावर भरपूर लिहिलं गेलं, त्याच्यावर सिनेमे निघाले. त्याच्या खटल्यात डॉक्टरांनी काय सांगितलं याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. वेडाच्या बचावातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्या साक्षीपुराव्यात सापडते.

पोलीस सर्जननी त्याला महिन्याहून अधिक काळ निरीक्षणाखाली ठेवलं आणि अभिप्राय दिला: मनोविकार नाही, स्मरणशक्ती शाबूत, बुद्धी सर्वसाधारण, आपल्या कृत्याचं स्वरूप त्याला कळतं आणि खटलाही कळतो. बचाव पक्षाने नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञांना साक्षीला बोलावलं. ते आरोपीला आर्थर रोड तुरुंगात भेटले होते. त्यांच्या मते आरोपीला फार पूर्वीपासून स्किझोफ्रेनिया होता. आपण माणसं मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे कळत नव्हतं. सत्र न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि फाशी सुनावली.

पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं. त्यांनी त्याच्याबरोबर पाच बैठका केल्या, दर बैठक साधारण दोन तासांची. त्याच्या लेखी जगं दोन होती. एक ‘कानून’चं आणि दुसरं तुमचंआमचं. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी, आणि या दुसऱ्या जगातले लोक आपल्याला बदलायला टपलेले आहेत, ही त्याची पक्की समजूत. शेवटच्या बैठकीनंतर डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला तेव्हा त्याने तो हातात घेतला नाही. मी कानूनचा प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं त्याने सांगितलं. मंडळाचं निदान झालं, जुनाट पॅरनॉइड स्किझोफ्रेनिया. फाशी टळून जन्मठेप झाली, पुण्यात उपचार झाले आणि १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडं निकामी होऊन त्याचा मृत्यू झाला. निर्दोष मात्र तो कधीच ठरला नाही.

आजार सिद्ध झाला, तरी गुन्ह्याची जबाबदारी गेली नाही. यात विसंगती वाटेल, पण कायद्याची रचनाच तशी आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ८४, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम २२, हे ‘आरोपीला कोणता आजार आहे?’ असं विचारतच नाही. ते विचारतं, की कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्याला त्या कृत्याचं स्वरूप, किंवा आपण करतोय ते चूक अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, कळण्याची क्षमता नव्हती का? आदल्या वर्षी तो रुग्णालयात होता का, आज कोर्टात कसा दिसतो, याने या प्रश्नाचं उत्तर परस्पर मिळत नाही. त्या क्षणीचंच मन बघायचं.

या कसोटीचं मूळ लंडनमधल्या एका खटल्यात आहे. २० जानेवारी १८४३ रोजी डॅनियल मॅकनॉटन नावाच्या स्कॉटिश माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी घातली. पाच दिवसांनी ड्रमंड गेले. सत्ताधारी टोरी पक्षाचे लोक आपला पाठलाग करतात, आपल्याला जगू देत नाहीत, असा मॅकनॉटनचा भ्रम होता. ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. व्हिक्टोरिया राणीसकट सगळे संतापले, उमराव सभेने न्यायाधीशांना जाब विचारला आणि त्यांच्या उत्तरांतून मॅकनॉटनचे नियम तयार झाले. १८६० च्या आपल्या दंड संहितेत तेच तत्त्व उतरलं आणि आजही तेच चालू आहे. मॅकनॉटन स्वतः सुटून घरी गेला नाही. उरलेली बावीस वर्षं त्याने मनोरुग्णालयांतच काढली आणि १८६५ मध्ये ब्रॉडमूरला तो वारला.

या नियमांवरची जुनी टीका मला पटते. ते फक्त ‘कळणं’ बघतात, आवरण्याची ताकद बघत नाहीत. चूक आहे हे कळत असूनही कानातल्या आवाजाच्या हुकमापुढे हतबल झालेला रुग्ण या चौकटीत नीट बसत नाही. तरीही आपल्याकडचा खरा दोष मला नियमात दिसत नाही. तो आहे त्या क्षणीच्या मनाचा पुरावा गोळा करण्यात, आणि तो पुरावा काही दिवसांत विरून जातो.

असं मूल्यमापन होतं कसं? न्यायालयाकडून पत्र येतं आणि आरोपीला पोलीस बंदोबस्तात मनोरुग्णालयात आणलं जातं. चांगला तज्ज्ञ लगेच मुलाखतीला बसत नाही. आधी कागद मागवतो: फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, शवविच्छेदन अहवाल, अटकेच्या वेळची वैद्यकीय नोंद, जुने केसपेपर. मग तो आरोपीला स्पष्ट सांगतो, की मी तुमच्यावर उपचार करणारा डॉक्टर म्हणून बसलेलो नाही, तुम्ही सांगाल ते न्यायालयात जाईल. हे न सांगता घेतलेली मुलाखत ही त्या माणसाची फसवणूक आहे, असं मी मानतो. आपल्याकडे ती सर्रास होते, कारण उपचार करणारा आणि अभिप्राय देणारा डॉक्टर पुष्कळदा एकच असतो.

नातेवाईक, शेजारी, बरोबरचे कैदी यांच्याशी बोलून घटनेच्या आधीचे काही आठवडे जुळवावे लागतात. झोप कधीपासून उडाली? जेवणात विष आहे असं म्हणत होता का? कामावर जाणं कधी सोडलं? गोळ्या कधी बंद केल्या? मग खुद्द घटनेची वेळ: हेतू काय होता, हत्यार बरोबर नेलं की हाताला लागेल ते उचललं, तोंडाने काय बोलत होता? आणि नंतरचं वागणं: पळाला, कपडे धुतले, की प्रेतापाशीच बसून राहिला? फिट येणारा माणूस असेल तर मेंदूचा आलेख काढतात. डोक्याला मार लागला असेल तर स्कॅन करतात. दारू किंवा अमली पदार्थांचा प्रश्न वेगळा. स्वतःहून घेतलेल्या नशेची ढाल कायदा देत नाही. मात्र वर्षानुवर्षांच्या दारूने कायमचा मनोविकार जडला असेल, तर त्याचा विचार होऊ शकतो.

सोंगाचा संशय सगळ्यांच्याच मनात असतो. तो वॉर्डात फिटतो. सोंग घेणारा डॉक्टर आले की बडबडतो, चमत्कारिक उत्तरं देतो, दिवसभर आवाज ऐकू येतात म्हणून सांगतो आणि रात्री गाढ झोपतो. खऱ्या उन्मादातला रुग्ण रात्रीमागून रात्री जागा असतो, आणि ते कुणाला फार काळ वठवता येत नाही. भ्रम असलेला रुग्ण तर बहुतेकदा तो लपवतो, कारण समोरचा डॉक्टरही कटात सामील आहे असं त्याला वाटत असतं. म्हणून नर्स आणि अटेंडंट यांच्या दिवसरात्रीच्या नोंदींना मोल असतं.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगायला हवं, कारण तो निकालपत्रांतही डोकावतो: बेत आखून केलं म्हणजे शुद्धीत केलं. मॅकनॉटन जिथे गोळी घातली त्या परिसरात आधी कित्येक दिवस घुटमळताना लोकांनी पाहिला होता. भ्रमाच्या आत माणूस अतिशय तर्कशुद्ध वागू शकतो. शेजारी आपल्याला मारणार याची ज्याला पक्की खात्री आहे, तो दबा धरेल, नंतर पळेलही. घरातल्या कर्त्या मुलाचं हे रूप ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाचा खटला याबाबतीत सर्वांनी वाचावा असा आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये, भरदिवसा, कपडे धुत असलेल्या बायकोच्या डोक्यात त्याने वरवंटा घातला. पळाला नाही, काही लपवलं नाही. बायको त्याला नोकरीचा राजीनामा देऊ देत नव्हती, हा फिर्यादी पक्षाने दाखवलेला हेतू. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पुरावे पुन्हा पाहिले. वडिलांना मनोविकार होता. आरोपीवर घटनेच्या आधीपासून पॅरनॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. घटनेनंतर, २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात, त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. हेतू अगदीच लेचापेचा. न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला. त्या क्षणाचा थेट पुरावा कुठेच नव्हता. आधीच्या आणि नंतरच्या नोंदी हातात होत्या म्हणून मधला क्षण उभा करता आला. नोंदी नसत्या तर तोच माणूस, तोच आजार, आणि जन्मठेप.

पुराव्याचा भार आरोपीवर असतो. १९६४ मध्ये, गुजरातमधल्या पत्नीहत्येच्या दह्याभाई ठक्कर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो हलका केला. आरोपीने दिवाणी दाव्याइतपत, म्हणजे शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकेल एवढं, दाखवलं तरी पुरे. आणि तेवढंही जमलं नाही, पण गुन्हेगारी हेतूबद्दलच वाजवी शंका उभी राहिली, तरी फिर्यादी पक्ष हरतो. कागदावर हे उदार आहे. पण तुरुंगातला गरीब मनोरुग्ण केसपेपर आणणार कुठून? उच्च न्यायालयांच्या एका दशकातल्या शंभराच्या आसपास निकालांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा बचाव पाचांपैकी एकाहूनही कमी प्रकरणांत टिकलेला दिसतो. वेड पांघरून गुन्हेगार सुटतात, हा समज या आकड्यापुढे टिकत नाही.

आजाराचा पूर्वेतिहास तपासात समोर आला, तर आरोपीची तातडीने वैद्यकीय तपासणी करून घेणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि ते न केल्यास फिर्यादी पक्षाची बाजू लंगडी पडते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ पासून वारंवार बजावलं आहे. तरी २०१८ मध्ये महाराष्ट्रातलंच एक प्रकरण त्या न्यायालयापुढे आलं. विळ्याने हल्ला करणाऱ्या आरोपीला घटनेनंतर लगेच मानसिक उपचारांसाठी दाखल करावं लागलं होतं, त्यामुळे अटकही लांबली होती. ते उपचार, ते निदान, तो डॉक्टर, यांतलं काहीच पोलिसांनी खटल्यात नीट पुढे आणलं नाही. न्यायालयाने हे मुद्दाम दडवल्याचं नोंदवून आरोपीला संशयाचा फायदा दिला. घटना २००६ ची होती. २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका आईच्या खटल्यात, जिने आपल्या दोन लहान मुलींना मारलं आणि अदृश्य शक्तीचा ताबा होता असं सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने खुनाचा दोष उतरवून सदोष मनुष्यवधावर आणला. तिच्या मानसिक स्थितीची चौकशी खालच्या न्यायालयाने स्वतः प्रश्न विचारून करायला हवी होती, असंही म्हटलं. ती तोवर नऊ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होती.

उशिरा पाठवलेल्या आरोपीच्या बाबतीत आणखी एक अन्याय होतो. तुरुंगाच्या डॉक्टरने गोळ्या सुरू केलेल्या असतात, त्या लागू पडतात, आणि आठदहा महिन्यांनी न्यायाधीशांसमोर शांत, नीटनेटका, नावगाव सांगणारा माणूस उभा राहतो. उपचाराचं यशच त्याच्या विरुद्ध जातं.

बचाव मान्य झाला तर पुढे काय, हे लोकांना फारसं ठाऊक नसतं. कृत्य त्याने केलं की नाही हे न्यायालय निकालात स्पष्ट नोंदवतं, आणि केलं असेल तर तो घरी जात नाही. त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवलं जातं, किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवलं जातं. खटला समजण्याच्या स्थितीतच नसलेल्या आरोपीचा मार्ग वेगळा. त्याचा खटला थांबतो, आणि काही वेळा थांबलेलाच राहतो. आसाममधले मचल लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी त्यांना बरं ठरवलं. तरी ते २००५ पर्यंत कोठडीतच होते. सुटले तेव्हा त्यांच्याकडून एक रुपयाचा जातमुचलका घेतला गेला. आपल्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणं बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवलं होतं, हेही इथे आठवावं.

शिक्षा झाल्यावर जडलेल्या आजाराचा विचार आता होऊ लागला आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात, फाशीच्या छायेत वर्षानुवर्षं राहून गंभीर मनोरुग्ण झालेल्या कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि त्याचं नाव निकालपत्रातही येऊ दिलं नाही. ही सुधारणा मोलाची आहे, पण ती शेवटच्या टप्प्यावरची आहे.

सुरुवातीच्या टप्प्यासाठी नवा कायदा लागत नाही. अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी आजही सक्तीची आहे. तिच्यात जखमा आणि दारूचा वास यांच्या जोडीला झोप, बोलणं, भास, भ्रम आणि चालू औषधं एवढ्या नोंदी घालायच्या. शंका आली तर लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, जिल्हा रुग्णालयांत तज्ज्ञ आहेत. गृह आणि आरोग्य या दोन खात्यांनी मिळून एक पानाचा नमुना ठरवावा आणि प्रत्येक पोलीस ठाण्याला द्यावा, ही माझी मागणी आहे. आणि ज्यांच्या घरात कुणाचे मनोविकाराचे उपचार चालू आहेत, त्यांना विनंती: लाजेपोटी केसपेपर फाडू नका, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून ठेवा. घरातल्या माणसाला कधी अटक झालीच, तर पहिल्या रिमांडच्या वेळीच ते कागद वकिलाकरवी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ठेवा आणि तपासणीचा लेखी अर्ज करा.