गाळातून वर

पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवा १३२ किलोमीटर वाहत येऊन माजलगाव धरणाला मिळतो. बीडच्या माणसाला कालवा ठाऊक आहे तो पाण्याच्या पाळीपुरता. त्यातून कुणी नावेने गावाला जात नाही. इंग्लंडात मात्र जुन्या मालवाहू कालव्यांतून जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबट नावा अजून फिरतात, कधी बुडतातही. तिथे पाणी उथळ असतं. भोक बुजवायचं, काठ पाण्याच्या वर आणायचा आणि जेवढं पाणी आत शिरतं त्याहून जास्त पंपाने उपसायचं. नाव आपली आपण उठते.

याच विद्येची फार मोठी कसोटी मुंबईच्या नौदल गोदीत लागली. १४ ऑगस्ट २०१३ ला, मध्यरात्र उलटल्यावर, ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले. आतले अठरा नौसैनिक गेले आणि सुमारे ७३ मीटर लांबीची पाणबुडी धक्क्यालाच बुडाली. रशियात दुरुस्ती होऊन ती परतली होती त्याच वर्षी. पाणबुडे उतरले तेव्हा आत काळोख होता, पाणी गढूळ होतं, पोलाद वाकून दारं अडकली होती. हाताने चाचपत पुढे सरकायचं, तेही न फुटलेला दारूगोळा जवळपास असू शकतो हे ठाऊक असताना. या कामात मला सगळ्यात मोठी वाटतात ती ही माणसं.

विहिरीत बुडालेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की दोर हाताला काचतो. जहाज काढणाऱ्यांचं सगळं गणित या एका क्षणाभोवती फिरतं. त्याआधी गाळाची पकड सोडवावी लागते, कारण तळाला बसलेला चिखल पोलादाला खाली ओढून धरतो. मग पोटाखालून पट्टे घ्यायचे आणि भार सगळीकडे सारखा वाटायचा. आत उरलेलं पाणी तर घातकीच: जरा कलंडलं की ते सगळं त्याच बाजूला धावतं आणि कलंडणं वाढवतं. म्हणून घाई करणारा माणूस इथे चालत नाही.

सिंधुरक्षकचं काम जानेवारी २०१४ मध्ये ‘रिझॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेकडे सोपवलं गेलं. खर्च सुमारे २४० कोटी रुपये. ६ जून २०१४ ला पाणबुडी वर आली. ती पुन्हा समुद्रात जाण्याजोगी राहिली नव्हती. २०१७ मध्ये तिला अरबी समुद्रात खोल पाण्यात बुडवण्यात आलं.

तरीही तो खर्च मला रास्त वाटतो. स्फोट कशाने झाला याचा माग त्या सांगाड्यातच शोधायचा होता, धक्का मोकळा करायचा होता, आणि ज्यांची माणसं त्या रात्री आत होती त्या घरांना उत्तर द्यायचं होतं.