केसाच्या मुळाशी लपलेला रंग

एक भिंग घ्या आणि आपल्या हातावरची लव नीट न्याहाळा. प्रत्येक बारीक केस त्वचेतल्या एका इवल्याशा खळग्यातून वर आलेला दिसेल. त्या खळग्यात, आत खोलवर, रंग तयार करणाऱ्या पेशींचा राखीव साठा असतो. एरवी तिकडे कोणाचं लक्षही जात नाही. पण ज्या मुलांच्या अंगावर कोड फुटलंय, त्यांच्यासाठी हा साठा फार मोलाचा!

आपल्या त्वचेला रंग येतो मेलॅनिनमुळे. ते बनवणाऱ्या पेशी म्हणजे मेलॅनोसाइट. आपण त्यांना रंगपेशी म्हणू. कधी कधी काय होतं, जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच टी-पेशी या रंगपेशींना शत्रू समजतात आणि मारून टाकतात. तेवढ्या जागी त्वचा पांढरी पडते. हेच कोड. जगात शंभरातल्या साधारण एकाला ते असतं आणि बऱ्याच जणांना विशीच्या आतच सुरू होतं. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने ते होत नाही. हात धरल्याने किंवा एका डब्यात जेवल्याने ते दुसऱ्याला लागत नाही. हे मी ठासून सांगते, कारण कोड असलेल्या मुलीशेजारी बसायला कोणी कां-कूं केलं, तर ते तिला फार लागतं. डाग तर दुखतही नाही!

आता प्रकाशाची गंमत. बावचीच्या बियांचा लेप लावून उन्हात बसायचं, हा उपाय आयुर्वेदात फार जुना. इजिप्तमध्येही नाईलकाठच्या एका वनस्पतीच्या बिया अशाच वापरत. दोन्हींत सोरालेन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांच्यामुळे त्वचेवर उजेडाचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. 1940 च्या दशकात कैरोचे डॉक्टर अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी त्या बियांतलं शुद्ध द्रव्य कोडावर वापरून पाहिलं. पण या औषधाने मळमळायचं, डोळे जपावे लागायचे, त्वचा भाजायची. लहान मुलांना ते देणं अवघडच. (आणि हो, घरी बावची लावून उन्हात बसायचा प्रयोग मुळीच करू नका. टरारून फोड येतात.)

मग नुसतं ऊन का नको? कारण उन्हात अनेक प्रकारचे किरण मिसळलेले असतात आणि पांढऱ्या डागावर मेलॅनिनचं संरक्षण नसतं. तो चटकन भाजतो. म्हणून अतिनील किरणांतला एक अगदी अरुंद पट्टा निवडला गेला, 311 ते 313 नॅनोमीटरचा. त्याला म्हणतात नॅरोबँड यूव्हीबी. 1997 मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी कोडावर त्याचा चांगला उपयोग होतो, हे दाखवलं. 2000 साली तिथल्याच डॉक्टरांनी 51 मुलांवरचे निष्कर्ष छापले. आठवड्यातून दोनदा, जास्तीत जास्त वर्षभर उपचार केल्यावर निम्म्याहून थोड्या अधिक मुलांच्या डागांवर तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त रंग परत आला होता!

‘लाइट घ्यायला’ जायचं म्हणजे काय? मोठ्या माणसाएवढं उंच कपाट असतं आणि आत चहूबाजूंनी लांबच लांब ट्यूब. डोळ्यांवर गडद गॉगल चढवायचा आणि स्थिर उभं राहायचं. आई नाहीतर बाबा दाराशी असतातच. निळसर उजेड पडतो, आणि पहिल्या दिवशी तर काही सेकंदांतच काम संपतं. पुढे हळूहळू वेळ वाढवतात. त्वचा फार लाल झाली, तर थांबतात.

दोनेक महिन्यांनी डागाकडे भिंगातून पाहावं. पांढऱ्या त्वचेवर, बरोबर केसांच्या मुळांभोवती, तपकिरी ठिपके उमटलेले दिसतात. उजेडाने जाग्या झालेल्या रंगपेशी खालच्या साठ्यातून वर सरकत आलेल्या असतात! पहिल्या पावसानंतर उघड्या माळावर जागोजागी हिरवे ठोंब उगवावेत आणि वाढता वाढता एकमेकांना भिडावेत, तसे हे ठिपके पसरत जातात. चेहऱ्यावर हे लवकर होतं. बोटांची टोकं आणि ओठ मात्र हटवादी. तिथे केसच नाहीत, मग साठा कुठला? डागावरचे केसही पांढरे झाले असतील, तर तिथेही रंग येणं कठीण जातं.

पण नव्या रंगपेशी वर आल्या आणि टी-पेशींनी त्यांनाही गाठलं तर? म्हणून नुसत्या उजेडावर न थांबता डॉक्टर अनेकदा जोडीला मलम देतात. टॅक्रोलिमसचं मलम त्या जागी टी-पेशींना शांत करतं, आणि तेवढ्यात उजेड रंगपेशींना वर आणतो. दोन्ही मिळून जे साधतं, ते एकट्याने बहुधा तेवढं साधत नाही. 2022 मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाच्या क्रीमला बारा वर्षं आणि त्यापुढच्या मुलांच्या कोडासाठीही मान्यता मिळाली. कोणाला काय द्यायचं, ते मात्र त्वचारोगतज्ज्ञच ठरवतात. आणि डाग आहेत तसे राहू देत, असं एखाद्या मुलाने ठरवलं, तर तेही अगदी योग्यच.

रंग भरून आल्यावरही काही टी-पेशी त्याच जागी ठाण मांडून बसलेल्या असतात. उपचार थांबले, की डाग अनेकदा नेमका जुन्याच जागी परततो, तो त्यांच्यामुळे. म्हणून डाग दिसेनासा झाल्यावरही काही जणांना आठवड्यातून दोनदा मलम लावत राहायला सांगतात.